समुद्रकाकडीचा चारा

इसवी सन 712 मध्ये संकलित झालेल्या ‘कोजिकी’ या जपानी ग्रंथात एक चमत्कारिक कथा आहे. स्वर्गातून भूतलावर उतरलेल्या देवपौत्राची सेवा करण्यास तुम्ही सिद्ध आहात काय, असा प्रश्न आमे-नो-उझुमे या देवतेने लहानमोठ्या सर्व जलचरांना एकत्र बोलावून विचारला असता, बाकीच्या सर्वांनी तत्परतेने होकार दिला. समुद्रकाकडी तेवढी गप्प राहिली. तिच्या या मौनाने संतप्त झालेल्या देवतेने लहानशा सुरीने तिचे तोंड चिरले, आणि तेव्हापासून त्या प्राण्याचे तोंड फाटलेलेच राहिले आहे, असे कथाकार सांगतो. ते मुख बोलत नाही याची दखल इतक्या पुरातन काळी घेतली गेली. परंतु ते खाते काय, ही जिज्ञासा मात्र पुढची जवळजवळ बारा शतके कोणाला फारशी झाली नाही, आणि ज्या दिवशी झाली त्या दिवसापासून समुद्रकिनाऱ्यावरील एका अगदी क्षुद्र मानल्या गेलेल्या शैवालाचे भाग्य, किंवा म्हणा दुर्भाग्य, उदयास आले.

ज्यांचा या जिवाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे इष्ट होय. समुद्रकाकडी ही वनस्पती नव्हे. तारामाशाच्याच कंटकचर्मी कुळातील तो एक मंदगती प्राणी आहे. त्याच्या काही जाती आपल्या कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही ओहोटीच्या वेळी कपारींतून पडलेल्या आढळतात, आणि कोळ्याची पोरे काठीने डिवचून त्यांना तशाच सोडून देतात, कारण आमच्याकडे तिला खाण्याचा प्रघात नाही. तिच्या मुखाभोवती झुबकेदार शुंडकांचे एक वलय असते. त्या शुंडकांनी ती तळाचा गाळ चाचपते, एकेक शुंडक आळीपाळीने मुखात घालून त्याला चिकटलेले चाटून घेते, आणि वाळू, चिखल, कुजलेल्या वनस्पतींचे कण व त्यांवर वाढणारे सूक्ष्म जंतू असे सर्व काही उदरात घेऊन, त्यातील पोषक तेवढे शोषून, बाकीचे मागून टाकून देते. असे मातीवर जगणारे जनावर दिसले म्हणजे त्याच्या अन्नाची विवंचना करण्याचे कोणास कारण वाटू नये, हे स्वाभाविकच होते.

त्याच्या किमतीची विवंचना मात्र फार लवकर सुरू झाली. नारा येथील हेइजो राजप्रासादाच्या उत्खननात ज्या असंख्य लाकडी चिठ्ठ्या सापडल्या, त्यांत नोतो प्रांतातून सरकारी कराच्या भरण्यापोटी आलेल्या सुकवलेल्या समुद्रकाकड्यांची नोंद आहे. आणि 927 साली सिद्ध झालेल्या ‘एंगिशिकी’ या राज्यव्यवहाराच्या संहितेत, कोणत्या प्रांताने दरबारास काय पोचवावे याच्या ज्या सविस्तर याद्या आहेत, त्यांतही या मालाला स्थान आहे. आतडी काढून, उकडून, वाळवून काष्ठवत कठीण केलेला हा माल जपानी भाषेत ‘इरिको’ म्हणून ओळखला जातो. वर्षानुवर्षे टिकणारा, वजनाला हलका आणि मोजदादीला सोपा असा तो असल्यामुळे, साऱ्याच्या रूपाने वसूल करण्यास त्याच्याइतका सोयीस्कर जिन्नस किनारपट्टीच्या प्रजेपाशी क्वचितच असेल.

परंतु इरिकोचे खरे राजकारण सुरू झाले ते तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांच्या, अमदानीत, आणि तेही तांब्यापायी. चीनमध्ये मिंग राजवटीच्या उत्तरार्धात शिए चाओचे या ग्रंथकाराने या प्राण्याची तुलना बल्य औषधींत अग्रगण्य मानल्या जाणाऱ्या जिन्सेंगच्या मुळीशी केली होती, आणि पुढे छिंग काळात श्रीमंतांच्या मेजवानीत समुद्रकाकडीवाचून शोभा येईना. इकडे नागासाकीच्या बंदरात चिनी गलबते रेशीम, साखर व औषधे घेऊन येत आणि मोबदल्यात जपानचे रुपे व तांबे भरून नेत. डचांची जहाजेही तांबे नेत. ते सुरतेच्या व चोळमंडळाच्या बाजारपेठांत विकले जाई, तेव्हा आपल्याकडील तत्कालीन टांकसाळींचाही या गोष्टीशी दूरचा का होईना, पण संबंध पोचतो. धातूचा हा निर्गम पाहून शोगुनचे अंमलदार चिंतातुर झाले, आणि 1698 पासून चिन्यांना तांब्याच्या ऐवजी सुकवलेली समुद्रकाकडी, सुकवलेले अबलोन शिंपले आणि शार्कचे पंख असा सागरी माल देण्याची पद्धत रूढ करण्यात आली. पोत्यांत भरून येई म्हणून या त्रयीला ‘तावारामोनो’ म्हणत. 1715 च्या नव्या फर्मानाने चिनी गलबतांची संख्या वर्षाला तीसवर आणून तांब्याच्या निर्यातीला आणखी पायबंद घातल्यावर तर या मालाचे महत्त्व द्विगुणित झाले. प्रथम ही खरेदी मक्तेदार व्यापाऱ्यांच्या हाती होती. त्यांच्याकडून पुरेसा माल येईना म्हणून 1785 मध्ये सरकारने मक्ता मोडून स्वतःची कोठी घातली, गावोगाव अधिकारी पाठवले आणि समुद्रकाकडी पकडा, उकडा, वाळवा असा तगादा किनाऱ्याकिनाऱ्याने लावला. उत्तरेकडील एझो बेटावरील, म्हणजे आजच्या होक्काइडोवरील, आइनू लोकांच्या श्रमांतून जो माल येई त्याची प्रत उत्तम समजली जात असे. त्या श्रमांचा मोबदला त्यांना कोणत्या दराने मिळत असे, याकडे मात्र त्या काळच्या हिशेबनीसांनी फारशा आस्थेने पाहिलेले दिसत नाही. दफ्तर भरले, पोती भरली, चिनी गलबते भरली. आणि या साऱ्या उलाढालीत समुद्राने पोसले तेवढेच माणसाने काढून घेतले.

येथे एक योगायोग नमूद केल्यावाचून राहवत नाही. 1775 मध्ये नागासाकीजवळच्या देजिमा या चिमुकल्या बेटावर डच कंपनीचा वैद्य म्हणून कार्ल पेटर थुनबेर्ग हा स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ दाखल झाला. तो लिनीअसचा शिष्य, झाडपाल्यासाठी वेडा, पण परकीयांना बेटाबाहेर पाऊल टाकण्याची मनाई. तेव्हा या गृहस्थाने काय करावे, तर बेटावरील जनावरांसाठी जो चारा बाहेरून येई त्याचे भारे सोडून, त्यांतून तो वनस्पतींचे नमुने निवडीत बसे. पुढे त्याला थोडी मोकळीक मिळाली, येदो या शोगुनच्या राजधानीपर्यंतचा प्रवासही घडला, आणि 1784 मध्ये त्याचा जपानच्या वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या सन्मानार्थ नंतरच्या शास्त्रज्ञांनी ज्या अनेक वनस्पतींना त्याचे नाव दिले, त्यांत भरतीओहोटीच्या पट्ट्यातील खडकांवर वाढणारे एक तपकिरी शैवालही आहे: सरगॅसम थुनबर्गी. बारीक पानांनी वेढलेल्या त्याच्या लांबट फांद्या उंदराच्या शेपटीसारख्या दिसतात, म्हणून चिनी लोक त्याला ‘उंदीरशेपटी’ म्हणतात. थुनबेर्ग देजिमावर चाऱ्याचे भारे उपसत होता त्याच दिवसांत समोरच्या बंदरात इरिकोची पोती चिनी गलबतांवर चढत होती. ज्याच्या नावाचे शैवाल पुढे त्या पोत्यांतील प्राण्याच्या पिल्लांचे मुख्य अन्न ठरावयाचे होते, त्या विद्वानाला, किंवा त्या हमालांना, याची कल्पना असण्याचे काहीच कारण नव्हते.

मेइजी राज्यक्रांतीनंतर जपानात जी नवी विद्या आली, तिच्या प्रवर्तकांपैकी प्राणिशास्त्रज्ञ मित्सुकुरी काकिची हे एक. अमेरिकेत शिकून आलेल्या या प्राध्यापकांनी 1903 मध्ये समुद्रकाकडीच्या सवयी व जीवनक्रम यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळापर्यंत तिच्या संवर्धनाची मजल एवढीच होती, की उथळ पाण्यात दगडांच्या राशी रचाव्यात, म्हणजे त्यांच्या फटींत पिल्लांना आसरा मिळतो. आसऱ्याचा विचार झाला, अन्नाचा अजून नव्हता. 1937 मध्ये इनाबा या संशोधकांनी कृत्रिम रीतीने अंडी फलित करून अळ्या वाढवण्याचा प्रयत्न केला. आणि 1950 मध्ये तोहोकू विश्वविद्यालयातील इमाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्याच इनाबांना बरोबर घेऊन, वर्णहीन सूक्ष्म जीवांचे खाद्य देऊन अळ्या पार पिल्लांच्या अवस्थेपर्यंत नेल्या. चीनमध्ये चांग फंगयिंग यांनी 1950 च्या दशकात पैताइहे येथे असेच यश मिळवले. परंतु प्रयोगशाळेतील काचपात्रात मूठभर पिल्ले दिसणे निराळे, आणि हौदच्या हौद भरून ती जगवणे निराळे. या दोहोंच्या मध्ये जी तीस वर्षे गेली, त्यांचे रहस्य पिल्लांच्या घासात होते.

अंड्यातून निघालेली अळी पारदर्शक असते व पाण्यात तरंगते. तोवर पाण्यातच तरंगणारी एकपेशीय शैवाले तिला चालतात. साधारण दोन आठवड्यांत तिचे रूप पालटते, तरंगणे सुटते, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचे ते जीव हौदात उभ्या केलेल्या नागमोडी पत्र्यांवर जाऊन चिकटतात. त्या पत्र्यांवर आधीच डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांचा पातळ थर जोपासलेला असतो. पहिले काही दिवस पिल्ले तो चाटून काढतात. थर संपतो, पिल्लांची भूक मात्र वाढत जाते. नैसर्गिक समुद्रात या वयाच्या पिल्लाला खडकावरच्या शैवालांत आश्रय व अन्न दोन्ही एकत्र मिळते. हौदात ते कसे पुरवावे? 1980 च्या दशकात ल्याओनिंग व शानदोंग या प्रांतांतील संशोधकांनी, ज्यांत सुई शीलिन यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते, बीजोत्पादनाची सर्व रीत बसवली, आणि ती बसवताना उत्तर म्हणून किनाऱ्यावरची उंदीरशेपटीच उचलली.

ही निवड विचारपूर्वक होती. उंदीरशेपटी खोल पाण्यात वाढत नाही. ओहोटीला पायी जाऊन, नाव न वापरता, विळ्याने कापून आणता येते. तिचा कोवळा भाग सहज वाटला जातो आणि वाटलेला कण पाण्यात फार वेळ न तरंगता पत्र्यांवर बसतो. ताजे शैवाल धुऊन, कापून, यंत्रात पाट्यावरच्या वाटणासारखे एकजीव करतात. मग ते इंचाला दोनशे छिद्रांच्या बारीक चाळणीतून गाळून जो गढूळ तपकिरी रस उतरतो तोच पहिला चारा. पिल्ले वाढली की चाळणी जाड करतात, आणि पुढे त्या रसात चाळून घेतलेला समुद्रतळाचा गाळही मिसळतात. गाळावाचून नुसत्या शैवालावर ती तितकी चांगली वाढत नाहीत, हे अनुभवाने कळले. शैवालाच्या कणांवर व गाळावर वाढणाऱ्या जंतूंचाही पिल्लांच्या पोषणात वाटा असतो, ही उपपत्ती नंतरची. चारा ओतला की हवेचा पुरवठा काही काळ बंद ठेवून पाणी निवळू देतात, म्हणजे कण पत्र्यांवर उतरतात. पिल्ले अजून इतकी पारदर्शक असतात, की थोड्या वेळाने भिंगातून पाहिले असता प्रत्येकाच्या देहातून आतड्याची तपकिरी दोरी स्पष्ट उमटलेली दिसते; ती भरलेली आहे की रिकामी, यावरून पुढच्या घासाचे प्रमाण ठरवायचे. प्रमाण चुकले की शिल्लक चारा तळाशी कुजतो, पाण्याला दुर्गंधी सुटते, आणि कॉपेपॉड नावाचे कवचधारी बारीक जीव एवढे माजतात, की ते पिल्लांचा घासही पळवतात आणि त्यांच्या कोवळ्या कातडीलाही जखमा करतात. ज्या प्राण्याला माती पुरते असे सगळे जग समजत होते, त्याचे बालपण इतके नाजूक निघाले.

1980 च्या याच दशकात आपल्या देशातही एक लक्षणीय गोष्ट घडली, जिची वार्ता महाराष्ट्रात फारशी पोचली नाही. तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावर, मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या उपसागरात, समुद्रकाकडी पकडून चीनकडे रवाना करण्याचा व्यापार फार जुना. पाल्कच्या याच किनाऱ्यावर मल्लिपट्टणमजवळ तंजावरच्या सरफोजी राजांचा मनोरा उभा आहे, म्हणजे मराठी राज्याच्या एका टोकाशी हा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालला होता. तेथील रीत अशी, की पकडलेला प्राणी उकडून रात्रभर ओल्या वाळूत पुरायचा, मग पायांनी तुडवून त्याच्या कातडीवरचा चुनखडीसारखा थर काढायचा, पुन्हा उकडायचा आणि उन्हात घालायचा. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याचे जेम्स हॉर्नेल यांनी 1917 मध्ये या धंद्याचा इतिहास लिहिला, तेव्हाही त्यांची मुख्य चिंता धंदा सावरावा कसा हीच होती. पकड वाढत गेली, प्राणी लहान होत गेला, आणि 1982 मध्ये सरकारला तीन इंचांहून लहान सुका माल निर्यात करण्यास बंदी घालावी लागली. या पार्श्वभूमीवर 1988 मध्ये तुतिकोरीन येथे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या केंद्रात डॉ. डी. बी. जेम्स यांनी होलोथुरिया स्काब्रा या मूल्यवान जातीची पैदास बंदिस्त हौदात प्रथमच करून दाखवली. उष्ण कटिबंधातील या जातीला सरगॅसमच मानवले, फक्त ते मन्नारच्या आखातातले. पहिला महिना चाळीस मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेला त्याचा अर्क, पुढे ऐंशी मायक्रॉनचा, असा त्यांचा क्रम होता. आखातातील सरगॅसम तेथील स्त्रिया शैवालापासून काढल्या जाणाऱ्या अल्जिनेटच्या कारखान्यांसाठी पूर्वीपासूनच गोळा करीत, त्यामुळे चाऱ्याची ददात नव्हती. ददात निराळ्याच ठिकाणी निघाली. 2001 मध्ये समुद्रकाकडीच्या सर्व जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेल्या, आणि तिला पकडणे, बाळगणे, विकणे हा वाघाच्या शिकारीच्या पंक्तीचा अपराध ठरला. नामशेष होऊ पाहणाऱ्या जिवाला अभय देण्याचा हेतू निःसंशय स्तुत्य होता. परंतु हौदात जन्मलेल्या पिल्लालाही तोच कायदा लागू झाल्याने ज्या देशाने या जातीच्या पैदाशीची किल्ली शोधली, त्या देशातच तिचा उपयोग करणारा धंदा उभा राहू शकला नाही. ती रीत इतर देशांनी उचलली.

चीनमध्ये याच्या नेमके उलट घडले. 1993 च्या सुमारास तेथील कोळंबीच्या तळ्यांवर श्वेतठिपक्यांच्या रोगाची साथ आली आणि किनाऱ्यावरची असंख्य तळी ओस पडली. तळी होती, मजूर होते, कर्जाचे हप्ते होते. नव्हते ते पीक. समुद्रकाकडीने ती जागा घेतली. पाहता पाहता शानदोंग व ल्याओनिंगचा किनारा तिच्या तळ्यांनी व्यापला, आणि 2010 च्या दशकात वार्षिक उत्पादन दोन लाख टनांच्या घरात गेले. एवढ्या पिकाला लागणारी पिल्ले अब्जावधी, आणि प्रत्येक पिल्लाच्या तोंडी लागलेला चारा एकच. ओहोटीला जो तो विळा घेऊन निघू लागला. उंदीरशेपटीचे मूळ खडकाला धरून राहिले तर तिच्यावर पुन्हा फांद्या फुटतात. परंतु वजनावर पैसे मिळणाऱ्या घाईत बुडखा राखून कापण्याचे भान कोण ठेवतो? लोकांनी ती मुळासकट खरवडली. खडक उघडे पडले, भाव चढले, दूरदूरच्या बेटांवरून माल येऊ लागला, आणि जी वनस्पती एके काळी पायांखाली तुडवली जाई तिच्या वाळलेल्या भुकटीत भेसळ होऊ लागली. समुद्रकाकडीची टंचाई संवर्धनाने मिटवली असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. तिच्या टंचाईचा बोजा तिच्या अन्नावर ढकलला गेला, इतकेच.

पर्याय शोधले गेले. केल्प नावाचे मोठे पट्टेदार शैवाल मूळ जपानचे. ते 1927 मध्ये दालियेन बंदरात प्रथम आढळले, आणि 1950 च्या दशकात चंग छंगख्वेइ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्याची रोपे उन्हाळ्यात थंड पाण्यात जगवण्याची युक्ती काढल्यावर चीन त्याच्या लागवडीत जगात पहिला झाला. ते मुबलक व स्वस्त. पण वाटले की बुळबुळीत होऊन पाणी दूषित करते, म्हणून पिल्लांना घालण्यापूर्वी ते आंबवून घेण्याचे प्रयोग झाले. 2008 च्या उन्हाळ्यात तर समुद्राने आपण होऊनच चारा दारात आणून टाकला. छिंगदाओ येथे ऑलिंपिकच्या नौकास्पर्धा तोंडावर आल्या असताना उल्व्हा या हिरव्या शैवालाचे अवाढव्य गालिचे किनाऱ्याला लागले. चिआंगसू प्रांताच्या किनाऱ्यावरील नोरी या खाद्य शैवालाच्या तराफ्यांवरून सुटलेल्या या शैवालाची वाढ वाटेत बेसुमार झाली होती. सैनिक व स्वयंसेवक लावून दहा लाख टनांच्या आसपास घाण उपसावी लागली. ती घाण वाळवून, आंबवून समुद्रकाकडीला खाऊ घालता येईल काय, याच्या चाचण्या लगोलग सुरू झाल्या. खाऊ घालता आली. पण हौदवाल्यांची श्रद्धा उंदीरशेपटीवरून काही केल्या हलेना, आणि कुशल कारागिरांची अशी हट्टी पसंती सहसा निराधार नसते.

शेवटी तिचीच शेती करावी, असे ठरले. उंदीरशेपटीत नर-मादी वेगळे असतात. मादीची अंडी बाहेर पडून फांदीलाच चिकटून राहतात, तेथेच फलित होतात आणि मग गळून पडतात. ती गळण्याची वेळ साधून हौदात दोऱ्यांच्या पडद्यांवर पेरायची, रोप थोडे वाढले की दोऱ्या समुद्रात नेऊन तराफ्यांना बांधायच्या, अशी रीत शानदोंगमधील संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात बसवली. तिच्यातली मोठी अडचण म्हणजे डायटम. रोपे केसाएवढी असतानाच त्यांच्यावर डायटमांचा थर चढतो व ती गुदमरतात; म्हणून रोपांच्या हौदातील मजूर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी तो थर वरचेवर झोडपून काढतात. ज्या केंद्रांत समुद्रकाकडीचीही पैदास होते, तेथे नवजात पिल्लांच्या पहिल्या घासासाठी त्याच डायटमांना खत घालून, उजेड मोजून देऊन, पत्र्यांवर जोपासण्याचे काम निराळ्या हौदांवर चालू असते.